जनीचा जागेवाला

माघ सरत आला तरी कातळवलीच्या धरणावरचं धुकं सकाळी आठ-आठ वाजेपर्यंत जागचं हलत नव्हतं. पाण्याची वाफ आणि वरचा गारठा मिळून अशी काही दाट साय धरायची, की ट्यूबवर बसलेल्या जनीला स्वतःच्याच पायाची बोटं दिसत नसत. अंगात नवऱ्याचा मुंबईहून आलेला जुना स्वेटर, त्यावर पदर आवळून खोचलेला, डोक्याला टॉवेल. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर दोरीने करकचून बांधलेलं थर्माकोल आणि त्यावर एक पाय दुमडून, एक पाण्यात सोडून बसलेली जनी. दोन्ही हातांत कपडे धुवायच्या धोपटण्याएवढी दोन फळकुटं. त्यांनी पाणी मागे सारत ती जाळी उचलायला निघाली होती. आज खांदे उचलत नव्हते. तसे ते कालही उचलत नव्हते.

धरणावर जाळी टाकणारे बाकीचे लोक ठिकाणं सांगताना 'त्या टेकडीच्या सरळ रेषेत' किंवा 'टॉवरच्या समोर' असं सांगत. जनीचं तसं नव्हतं. तिचं पहिलं जाळं असायचं चिमाच्या परसात, दुसरं शाळेच्या मागे आणि तिसरं आपल्या स्वतःच्या खळ्यात. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. त्या घराचा चौथरा आता पाण्याखाली, शेजारीण चिमा मुलाकडे नालासोपाऱ्याला आणि शाळेची घंटा कुणी नेली ते कुणालाच माहीत नाही. पण जनीच्या डोक्यात खालची वाडी होती तशीच होती. कुठे बांध, कुठे दगडी गडगा, कुठे विहिरीचा काठ, सगळं तिला वरून बरोबर कळायचं.

चिमाच्या परसात चार चिलापी मिळाल्या. शाळेमागे एक रोहू, तोही पोरसवदा. मग ती आपल्या खळ्याकडे वळली. जाळ्याच्या टोकाला बांधलेली प्लास्टिकची बाटली धुक्यात शोधू लागली, तोच पाण्यात सोडलेल्या पायाच्या टाचेला काहीतरी टोचलं.

जनी थांबली. फळकुटं मांडीवर ठेवली. पाय पुन्हा हळूच खाली सोडला. टाचेला लागली ती फांदी होती. बुळबुळीत, पण आतून दगडासारखी टणक. तिने वाकून हात घातला. मनगट बुडलं, कोपर बुडायच्या आत फांदी हाताला आली.

"आयशी गो," ती स्वतःशीच बोलली. "इतका उतरला पाणी?"

फांदी तिच्या खळ्याकडेच्या फणसाची होती. तो पाण्याखाली उभा आहे हे लक्षात असलेली गावात आता दोनच माणसं होती. एक ती आणि दुसरा तिचा नवरा शिवा.

धरण झालं त्या वर्षी खालच्या वाडीला नोटिसा आल्या होत्या. झाडं तोडून न्या, लाकूड तुमचं. लोकांनी आंबे तोडले, काजू तोडले, सागाचे वासे तर आधीच नेले. जनीच्या सासऱ्याने मात्र खळ्याच्या कडेच्या फणसाला हात लावू दिला नाही. कारण काय, तर फणस त्या साली खोडापासून शेंड्यापर्यंत लागलेला. इतकी फळं कधी धरली नव्हती. लागत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, फळं उतरली की तोडू, असं म्हातारा म्हणत राहिला. फळं उतरायच्या सुमाराला पाऊस लागला आणि त्या पावसात पाणी चढलं. म्हातारा नव्या पुनर्वसनातल्या पत्र्याच्या शेडमधून तीन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी शेंडाही दिसेनासा झाला. तेव्हा शिवा मुंबईला एका छापखान्यात कामाला होता. त्याला हे सगळं पत्राने कळलं.

त्यालाही चौदा वर्षं झाली. सासरा गेला. शिवा गुडघे घालवून परत आला आणि ओटीवरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. नवी जमीन मिळाली ती नुसता कातळ. नाचणीलासुद्धा माती पुरेना. धरणावर मासेमारी करायला पहिली दोन वर्षं वरच्या घाटाकडून भोई लोक आले होते. त्यांच्यातल्या एका बाईने जनीला ट्यूबवर तोल कसा सांभाळायचा, जाळ्याची गाठ कशी मारायची, हे शिकवलं. कुणब्याची बाई, माहेर सावर्ड्याच्या वरच्या डोंगरातलं. विहिरीपलीकडे पाणी कधी बघितलं नव्हतं. पोहायला तिला तेव्हा येत नव्हतं, आणि चौदा वर्षांनी आजही येत नाही.

पुढे गावची मच्छीमार सोसायटी झाली. जनी धरून पाच जण. चार पुरुष आणि ती. पुरुषांनी चांगल्या जागा धरल्या. तिच्या वाट्याला राहिलेलं. पण फणस कुठे आहे ते फक्त तिला माहीत होतं, आणि फणसाच्या फांद्यांत मासा राहतो हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. दुपारी उन्हं तापली की मोठा मासा तिथे सावलीला यायचा. झाडाच्या उत्तरेला, चौथऱ्याला धरून जाळं सोडलं तर ते कुठे अडकत नसे. जरा इकडे तिकडे झालं की चिंध्या. सोसायटीतल्या ओमकारची दोन जाळी तिथे फाटली. तेव्हा त्याने जनीला विचारलं होतं, "काकी, तुझ्या घराकडं पाण्यात काय हाय गो?"

जनी तेव्हा मासे खवलत होती. दमलेली होती. मान वर न करता बोलून गेली, "जागेवाला हाय थय. आमचा सासरा राखण द्यायचा त्याला."

आता हे काही धडधडीत खोटं नव्हतं. प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासरा दरसाल त्या फणसाच्याच बुंध्याशी नारळ फोडायचा, कधी कोंबडं द्यायचा. जनीने फक्त फणसाचं नाव गाळलं. दुसऱ्या दिवशी ओमकारने काठावर नारळ फोडला. मग बाकीच्यांनी. बारा वर्षं झाली, तिथे कुणी जाळं टाकायला गेलं नाही. जनी आठवड्यातून तीन दिवस तिथे जाळं टाकायची आणि तीन दिवस सावर्ड्याच्या बाजारात तिच्या टोपलीत मासा दिसायचा. "तुला बरा सोडतो गो तो जागेवाला," असं कुणी म्हणालं तर ती म्हणायची, "घरचाच हाय ना तो."

एवढ्या वर्षांत फणसाचा शेंडा पाण्यावर कधी आला नव्हता. या दिवसांत त्याच्यावर दोन पुरुष पाणी असायचं, म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी राहतील इतकं. अगदी वैशाखातही कमरेएवढं राहायचं. पण औंदा डाव्या कालव्याचं काम पुरं झालं म्हणून चाचणीला पाणी सोडलं होतं. रात्रंदिवस सोडलं होतं. काठावर ओल्या मातीचे पट्टे उघडे पडत होते ते जनीला दिसत होते, पण रोजच्या कामात मोजायचं राहून गेलं.

आणि आज रविवार होता.

ती जाळं न उचलताच काठाकडे वळली.

धक्क्यावर नितेश आपली बोट धूत होता. नितेश म्हणजे जनीच्या चुलत दिराचा मुलगा. आठ वर्षं मुंबईला एका मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवून गेल्या गणपतीत परत आला होता. अंजनवेलच्या बाजूने त्याने बारा माणसांची जुनी फायबरची बोट आणली, तिला पिवळा रंग दिला, 'कातळवली जलविहार' असा बोर्ड लावला आणि तीन रविवार झाले, पुण्याचे, चिपळूणचे लोक येऊ लागले होते. जनीला त्याचं कौतुक होतं. गावचा एक तरी पोरगा उलटा आला.

"नित्या," जनी ट्यूब काठाला लावत म्हणाली, "आज वाडीवरनं बोट नको नेव."

"का गो काकी?"

"नको म्हंजे नको. जागेवाल्याची जागा हाय ती."

"अगो, त्याच्यासाठीच तर पब्लिक येतंय!" नितेशने बादली खाली ठेवली. "थय जाऊन मी इंजिन बंद करतंय. सांगतंय, तुमच्या पायाखाली आमचा गाव हाय. सगळी चिडीचूप. गेल्या रविवारी एका बाईनं तर डोळे पुसलान."

"पाणी उतरलाय."

"उतरू दे. चाळीस फूट हाय थय, माला काय म्हायती नाय? आनि तुझ्या जागेवाल्याला उद्घाटनाला कोंबडा दिलाय मी. गावठी. तूच बोल्ली व्हतीस ना, कोंबडा दिला की तो काय करीत नाय म्हणून?"

बोलली होती. जनीच्या तोंडून तेही गेलं होतं. पोरगा विचारायला आला, काकी धंदा चालू करतोय, जागेवाल्याचं काय करू; तेव्हा ती बोलून गेली होती. दोन पुरुष पाणी आहे, बोट वरून जाईल नि येईल, आपलं काय जातं, असा तिने तेव्हा हिशेब केला होता. आता हा पोरगा कोंबड्याच्या भरवशावर बारा माणसं घेऊन नेमका फणसावर जाऊन उभा राहणार होता.

तिने तोंड उघडलं. पण चार हातांवर ओमकार आपल्या खोक्यात बर्फ फोडत बसला होता. त्याच्या बाजूला सोसायटीतले आणखी दोघे. 'फणस' हा शब्द एकदा तोंडातून निघाला की उद्या सकाळी तिच्या खळ्यात चार जणांची जाळी पडलेली असणार. मग तिने कुठे जायचं? शाळेमागे, पोरसवदा रोहू धरायला? नितेशला बाजूला घेऊन सांगावं, तर तो ते बोटीतल्या बारा-बारा माणसांना ऐकवणार.

"काय गो, काय बोलत व्हतीस?" नितेशने विचारलं.

"काय नाय," जनी म्हणाली. चार चिलापी आणि रोहू तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवले, पाण्याची बाटली घेतली, एक गळ घेतला आणि ट्यूब पुन्हा पाण्यात ढकलली.

तिने केलं ते असं. फणसाचा शेंडा पायाने शोधला, ट्यूबची दोरी खाली सोडून फांदीला गुंतवली आणि गळ पाण्यात टाकून तिथेच बसली. ती बसलेली दिसली की बोट बाजूने जाणार. तिच्या डोक्यात याच्या पुढचं काही नव्हतं.

दहा वाजता धुकं उठलं आणि पहिली फेरी आली.

"काकी!" नितेश लांबूनच ओरडला. "बाजूला हो गो! माझा स्टॉप हाय हा!"

"वाम हाय गळाजवळ. हलली तर जाईल."

"दुसरीकडं नाय काय वाम तुझी?"

"तू जा की बाजूनं. येवडा समुद्र पडलाय."

बोट वळसा घालून गेली. इंजिनाची लाट ट्यूबखालून सरकली आणि खालून फांदीने थर्माकोलला हलकंसं ढोसलं. जनीने दोन्ही हातांनी ट्यूब धरली.

दुसऱ्या फेरीला नितेश नुसता रागाने बघून गेला. तिसऱ्या फेरीपर्यंत त्याचं डोकं चाललं होतं. त्याने इंजिन मंद केलं आणि माणसांना सांगायला लागला. पाण्यावरून आवाज काही लपत नाही. जनीला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "ह्या आमच्या काकी. गाव बुडालं, पण ह्यांनी घर सोडलं नाही. रोज येतात आणि आपल्या दारात बसून राहतात. पायाखाली बरोबर त्यांचं अंगण आहे."

बोटीतले आवाज बंद झाले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. फोन वर झाले.

कुणी मेलं असल्यासारखे बघतायत, जनीला वाटलं. रोज इथे येऊन दारात बसायला तिला वेळ कुठे होता? दारात बसायला आवडतं ते तिच्या नवऱ्याला. पण म्हटलं तर त्या पोराचं सगळंच खोटं नव्हतं. चुलीची जागा तिच्या उजव्या हाताला होती. तिथेच ती लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी थापायला बसली होती आणि पहिली भाकरी तव्यावर चिकटली होती.

दुपार झाली. पाण्यावरचं ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. तोंड भाजत होतं आणि पाण्यातला पाय मात्र थंडीने बधिर. स्वेटर काढून डोक्यावर घेतला. बाटलीतलं पाणी संपलं. कमरेत कळ भरली होती. पाय बदलायचा तर ट्यूब कलंडते. गळाला एवढ्या वेळात एक शिंगटी लागली, ती तिने काढून सोडून दिली. लांब धक्क्यावर माणसं वाढत होती. कुणीतरी भज्यांची गाडी लावली होती. तिचा वास वाऱ्यावर येत होता.

आज बसली. उद्या? उद्या सोमवार, फेऱ्या कमी. पण पुढचा रविवार? शिमग्याच्या सुट्ट्या? पाणी काही पावसापर्यंत वर येत नाही. उद्या शेंडा वीतभर खाली असेल, चार-पाच दिवसांनी चार बोटं वर. वर आला तर दिसेल तरी. पण तोवरचे दिवसच घातकी. या चार-पाच दिवसांत ती किती बसणार, किती लपवणार? विचार करायचाही तिला कंटाळा आला. डोळे मिटत होते. एकदा तर डुलकी लागली आणि फळकुट हातातून सुटलं. ते धरायला वाकताना ट्यूब एवढी कलली, की तिने खालची फांदीच धरली आणि सावरली.

चार वाजताची फेरी आली तेव्हा बोट तुडुंब होती. कुठल्याशा कुटुंबाचा मोठा मेळा, लहान मुलं, एक गरोदर बाई. काठावर जनीची गोष्ट पसरली असणार, कारण बोट दिसताच सगळे तिच्याकडे बोटं दाखवत होते. नितेश या वेळी वळसा न घालता सरळ तिच्याकडेच आला.

"काकी, ह्यांना तुला काहीतरी द्यायचंय!" तो हसत ओरडला. "भजी आणलीत गरम!"

"नको!" जनी म्हणाली. "लांब ऱ्हा."

"अगो घे की, सकाळपासनं उपाशी हायस."

बोट जवळ आली. पुडी द्यायला एक मुलगी कडेला आली, तिच्यामागे फोन घेतलेले चौघे, त्यांच्यामागे आणखी. बोट त्या बाजूला झुकली.

"नित्या, मागं घे," जनी ओरडली. "मागं घे बोट!"

"चिडू नका आजी, फक्त एक फोटो!" कुणीतरी म्हणालं.

"मागं घे मेल्या! फणस हाय खाली! आमचा फणस हाय, तोडलेला नाय, मागं घे!"

सगळ्या धरणाला ऐकू गेलं. धक्क्यावरच्या भजीवाल्यालाही.

नितेशने इंजिन उलटं टाकलं. तेवढ्यात खालून कडकड असा आवाज झाला, बोटीला धक्का बसला आणि उभी होती ती सगळी माणसं धपाधप बसली. एक मूल रडायला लागलं. इंजिन बंद पडलं. भज्यांची पुडी पाण्यात पडली आणि भजी तरंगायला लागली.

कुणाला काही झालं नव्हतं. इंजिनाच्या पंख्याचं एक पातं गेलं होतं, एवढंच. नितेशने बांबू घेतला आणि बोटीच्या बाजूने पाण्यात घातला. बांबू हातभर गेला आणि टक्क करून थांबला. त्याने दुसऱ्या बाजूला घातला. तिथेही तसंच. त्याने बांबू वर काढून बोटीत ठेवला.

"सगळ्यांनी बसून राहायचं," तो म्हणाला. "कुणी हलू नका."

दोन वल्ही होती. त्यांनी त्याने बोट हळूहळू मागे नेली. गरोदर बाई पूर्ण वेळ पोटावर हात धरून जनीकडे बघत होती.

धक्क्यावर जनी पोहोचली तेव्हा पर्यटकांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. तिला उठता येईना. पाय लाकडासारखा झालेला. ओमकारने हात दिला आणि तिला वर ओढलं.

"फणस काय गो काकी?" तो म्हणाला.

जनी खडकावर बसली आणि पाय चोळू लागली.

"बारा वर्षं," ओमकार इतरांकडे बघून म्हणाला. "बारा वर्षं मी नारळ फोडतंय त्या फणसाला! आनि परसाद म्हणून अर्धा नारळ घेऊन जायची ही!"

"अर्धा नाय, तुकडा," एक म्हातारा सभासद म्हणाला.

"माझी दोन जाळी फाटली त्याच्यात. नवी होती."

"तू खळ्याच्या दक्षिणेला सोडलीस," जनी म्हणाली. "उत्तरेनं सोडायची."

त्यावर कुणीतरी हसलं, आणि मग ओमकारलाही हसू आवरेना. पण नितेश हसला नाही. तो घामाने निथळत समोर येऊन उभा राहिला.

"बारा-तेरा माणसं होती काकी. पोटुशी बाय होती."

"म्हणून तर बसलंय ना सकाळपासनं."

"बसून काय? सांगायचं! सकाळी हितं उभी ऱ्हावून जागेवाला जागेवाला करत व्हतीस. फणस म्हटलं असतंस तर काय जीभ झडली असती?"

जनीने ओमकारकडे बघितलं, मग पाण्याकडे. उत्तर सगळ्यांनाच कळलं होतं. नितेशलाही कळलं. त्याने मान फिरवली.

"मी तो तोडून टाकणार," तो म्हणाला. "माणूस आणतो पाण्यात उतरणारा."

"नको तोडूस," जनी म्हणाली. धक्क्यावर आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तोडलास तर मासा जाईल. माझा जाईलच, ह्यांचापण जाईल. लाल पिंप बांध वर. लांबनं दिसेल. बोट बाजूनं ने."

म्हातारा सभासद म्हणाला, "बरोबर बोलतेय ती. पिंप बांधू. आनि थय पाळी लावायची. पाच जणं हाव. ज्याचा वार त्याचं जाळं."

"पहिली पाळी माझी," ओमकार म्हणाला. "दोन जाळ्यांची भरपाई म्हणून समजा."

"उत्तरेनं सोड," जनी पुन्हा म्हणाली.

तिच्या वाट्याला गुरुवार आला. आठवड्यातून एक दिवस. ते ठरलं, म्हाताऱ्याने ते सगळ्यांना दोनदा सांगितलं, आणि लोक उठले. नितेश डिझेलचं रिकामं लाल पिंप घेऊन, ओमकारला बरोबर घेऊन, वल्ह्याने फणसाकडे निघाला. दोरी कुठल्या फांदीला बांधायची ते जनीने त्यांना काठावरून ओरडून सांगितलं. मोठी फांदी विहिरीकडची. ती बळकट.

घरी शिवा ओटीवर खुर्चीत होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं. कुणाच्या तरी फोनवर त्याने तिचा ओरडतानाचा व्हिडिओही बघितला होता.

"सांगितलंस अखेर," तो म्हणाला.

"सांगितलं."

"बरा केलंस."

जनीने गोणपाट उघडलं. चिलापी सकाळच्या, मऊ पडलेल्या. एक रोहू. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा त्या साली म्हणत व्हते," शिवा म्हणाला, "औंदा फळं उतरू दे, मग बघू. मी पत्रात लिवलं व्हतं, तोडून टाका म्हणून. ऐकलं नाय."

"ऐकलं असतं तर बारा वर्षं काय खाल्लं असतंत?"

शिवाने गुडघे लांब केले. मग म्हणाला, "आता काय करणार हायस तू? एका दिवसाच्या माशानं?"

शाळेच्या मागे जाळं जरा खोल सोडून बघावं, असं जनीच्या मनात आलं. तिथे पूर्वी चिंचेचं झाड होतं, ते मात्र लोकांनी तोडलं होतं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चिमाच्या परसात कसलंच झाड नव्हतं. बुडालेल्या वरच्या आळीला कुणाचं झाड न तोडता राहिलं होतं ते ती आठवू लागली. वरच्या आळीशी तिचा फारसा संबंध नव्हता. चिमाला विचारायला हवं फोन करून. चिमाला सगळ्यांची झाडं पाठ.

तेवढ्यात शेजारून हाक आली. नळाला पाणी आलं होतं. पुनर्वसनात एक दिवसाआड यायचं, तेही अर्धा तास, आणि रांग मोडली की गेलं.

"कळशी कुठं हाय?" जनीने विचारलं.

"न्हाणीत."

मासे तिने मांजरापासून वाचवायला परातीखाली झाकले, वर पाटा ठेवला. मग हंडा कमरेवर घेतला, कळशी हातात घेतली आणि लंगडत नळाकडे निघाली.